परभणी जिल्ह्यातील तरुण वयातील कर्करोग आणि शासकीय उपाययोजना

परभणी जिल्ह्यातील तरुण वयातील कर्करोगविषयक शासकीय उपाययोजना म्हणजे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील या जिल्ह्यात १५ ते ३९ वर्षे वयाच्या लोकसंख्येला लागू होणारे कर्करोगप्रतिबंध, तपासणी, उपचार व अर्थसाहाय्य यांचे केंद्र आणि राज्य शासनाचे कार्यक्रम होत. केवळ या वयोगटासाठी आखलेला स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम भारतात नाही. बालक व किशोरवयीनांसाठीचे कार्यक्रम १८ किंवा १९ व्या वर्षी संपतात, तर असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमातील कर्करोग तपासणी ३० व्या वर्षापासून सुरू होते. त्यामुळे तरुण रुग्णांच्या बाबतीत तंबाखूनियंत्रण, लसीकरण, लक्षणांची वेळीच दखल आणि उपचारखर्चाची हमी या चार गोष्टींना विशेष महत्त्व येते.

पार्श्वभूमी

परभणी जिल्हा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) महसूल विभागात असून त्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर आणि पूर्णा असे नऊ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याची अर्थव्यवस्था प्रामुख्याने शेतीवर अवलंबून आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि अन्यत्र स्थलांतर करतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२२ मध्ये देशात १४,६१,४२७ नवे कर्करुग्ण असल्याचा अंदाज वर्तविला होता. यांतील बहुसंख्य रुग्ण मध्यम व उतारवयातील असतात. तरुण वयात कर्करोगाचे प्रमाण तुलनेने कमी असते. मात्र हा आजार शिक्षण, रोजगार, विवाह आणि अपत्यजन्माच्या वर्षांत होत असल्याने त्याचे कौटुंबिक व आर्थिक परिणाम दीर्घकाळ टिकतात. शेतमजुरीवर चालणाऱ्या कुटुंबात आजारी पडणारी व्यक्ती बहुधा घरातील कमावती व्यक्तीच असते.

वयोगट व आजाराचे स्वरूप

वैद्यकशास्त्रात १५ ते ३९ वर्षे या वयोगटाला सामान्यतः ‘किशोर व तरुण प्रौढ’ असे संबोधले जाते. जागतिक आजारभार अभ्यासानुसार २०१९ मध्ये जगभरात या वयोगटात सुमारे ११ लाख ९० हजार नवे कर्करुग्ण आढळले आणि सुमारे ३ लाख ९६ हजार मृत्यू झाले.

या वयातील कर्करोगांचे स्थूलमानाने दोन गट करता येतात. रक्ताचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग (लिम्फोमा), हाडांचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग आणि मेंदूतील गाठी हे आजार पहिल्या गटात मोडतात. यांतील बहुतेक आजारांत टाळता येण्याजोगे कारण सापडत नाही. मात्र योग्य उपचार वेळेत व पूर्ण मिळाल्यास त्यांपैकी अनेक आजार बरे होऊ शकतात. दुसऱ्या गटातील मुखाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हे बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखे आहेत. मुखाचा कर्करोग तंबाखू व सुपारीशी, तर गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गाशी संबंधित आहे. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकतेसह अनेक घटक कारणीभूत असतात.

तरुण रुग्णांमध्ये निदानास विलंब होण्याचे एक कारण म्हणजे या वयात कर्करोगाची शंकाच सहसा घेतली जात नाही. मानेतील गाठ क्षयरोगाची, हाडाचे दुखणे मार लागल्याचे आणि स्तनातील गाठ दुधाची समजून उपचार केले जाण्याची शक्यता असते. तोंडातील न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, गाठ वाढत जाणे, मासिक पाळीव्यतिरिक्त किंवा संबंधानंतर रक्तस्राव होणे, कारणाविना वजन घटणे आणि दीर्घकाळ ताप राहणे ही लक्षणे वयाचा विचार न करता तपासून घ्यावीत, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो.

कर्करोग नोंदणी

एखाद्या प्रदेशात कोणत्या वयात कोणता कर्करोग किती प्रमाणात होतो, हे लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीतून कळते. भारतातील अशी पहिली नोंदणी १९६३ मध्ये भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत सुरू केली. आयसीएमआरचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात सुरू झाली.

२०१२ ते २०१६ या कालावधीसाठीच्या राष्ट्रीय अहवालात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद–बीड आणि बार्शी ग्रामीण या नोंदण्यांचा समावेश होता. परभणी जिल्हा यांपैकी कोणत्याही नोंदणीच्या क्षेत्रात येत नव्हता. या अहवालात उस्मानाबाद–बीड क्षेत्रातील वयसमायोजित प्रमाण देशातील नोंदण्यांमध्ये सर्वांत कमी, म्हणजे दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि दर लाख स्त्रियांमागे ४९.४ इतके होते. परभणीची ग्रामीण रचना या शेजारी क्षेत्राशी मिळतीजुळती असली, तरी तेथील आकडे परभणीला थेट लागू करता येत नाहीत. जिल्ह्यातील तरुण रुग्णांची नोंद ते ज्या रुग्णालयात उपचार घेतात तेथे होते. ती रुग्णालये अनेकदा जिल्ह्याबाहेर असतात.

राष्ट्रीय कार्यक्रम आणि वयाची अट

केंद्र शासनाने १९७५ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्यासाठी एकत्रित कार्यक्रम आखण्यात आला. २०२३ मध्ये त्याचे नाव ‘राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम’ असे झाले. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या व्यक्तींची मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे ठरले. आशा स्वयंसेविकेने घरोघरी भरावयाचा जोखीम मूल्यांकन तक्ताही ३० वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी व आरोग्यसेविका प्राथमिक तपासणी करतात आणि संशयित व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयाकडे पाठवितात.

लहान वयासाठीचे कार्यक्रम वेगळे आहेत. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. तो १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असून अंगणवाडी व शाळांमध्ये फिरती पथके तपासणी करतात. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षे वयोगटासाठी आहे. व्यसनप्रतिबंध व असंसर्गजन्य रोग हे त्याच्या विषयांपैकी आहेत. परिणामी १९ ते २९ या वयातील व्यक्तीशी आरोग्ययंत्रणेचा नियमित संबंध स्त्रियांच्या बाबतीत मुख्यतः गरोदरपण व प्रसूतीच्या निमित्ताने येतो आणि पुरुषांच्या बाबतीत क्वचितच येतो.

तिशीच्या आत सरसकट तपासणी न करण्यामागे वैद्यकीय कारणे आहेत. या वयात कर्करोगाचे प्रमाण कमी असल्याने चुकीच्या संशयाचे निकाल जास्त येतात. तरुण स्त्रियांमधील बहुतेक एचपीव्ही संसर्ग उपचाराविना आपोआप नाहीसे होतात. त्यामुळे अशा तपासणीतून अनावश्यक भीती आणि अनावश्यक उपचारांचा धोका संभवतो. म्हणूनच या वयोगटासाठी सामूहिक तपासणीपेक्षा प्रतिबंध आणि लक्षण असलेल्या रुग्णाचे तत्काळ निदान हे उपाय अधिक उपयुक्त मानले जातात.

मराठवाड्यातील अनुभव

उस्मानाबाद जिल्ह्यातील चाचणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबाबत जगभर उल्लेखिला जाणारा एक अभ्यास मराठवाड्यातील उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यासात समावेश केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीनंतर त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न दिलेल्या गटात ६४ मृत्यू झाले. तुलनेच्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने टीकाही झाली. तथापि ग्रामीण मराठवाड्यात अशी तपासणी शक्य आहे, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

बीड जिल्ह्यातील गर्भाशय शस्त्रक्रिया

परभणीलगतच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांवर मोठ्या प्रमाणात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांत चाळिशीच्या आतील स्त्रियाही होत्या. गर्भाशय न काढल्यास कर्करोग होईल, अशी भीती घातली गेल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. विश्वासार्ह तपासणी जवळ उपलब्ध नसेल, तर कर्करोगाची भीतीच तरुण स्त्रियांच्या आरोग्यास घातक ठरते, ही बाब या प्रकरणातून पुढे आली.

हिंगोली जिल्ह्यातील संजीवनी अभियान

१९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोली जिल्ह्यात ८ मार्च २०२५ रोजी स्त्रियांच्या कर्करोग तपासणीसाठी ‘संजीवनी’ अभियान सुरू झाले. सार्वजनिक आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार, प्रश्नावलीला उत्तरे देणाऱ्या २,९२,९९६ स्त्रियांपैकी १४,५४२ स्त्रियांमध्ये कर्करोगसदृश लक्षणे आढळली. पुढील तपासणीत तिघींना गर्भाशयमुखाचा, एकीला स्तनाचा आणि आठजणींना मुखाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. लक्षण असणे म्हणजे कर्करोग असणे नव्हे, हे या आकड्यांमधील अंतरावरून स्पष्ट होते. निदान झालेल्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांची संख्या सर्वाधिक होती, हेही लक्षणीय आहे.

तंबाखूनियंत्रण

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९–१० मध्ये ३१.४ टक्के होते. ते २०१६–१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. दुसऱ्या सर्वेक्षणात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजेच राज्यातील तंबाखूचा प्रश्न मुख्यतः चघळण्याच्या तंबाखूचा आहे. तंबाखू-चुना, गुटखा, मावा व मशेरी हे त्याचे प्रचलित प्रकार होत.

महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली होती. परंतु राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्याला तत्कालीन कायद्याखाली असा अधिकार नसल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. पुढे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०११ च्या विनियमांनी अन्नपदार्थांत तंबाखू व निकोटीन वापरण्यास मनाई केली. त्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखा व पानमसाल्यावर पुन्हा बंदी लागू झाली. ही बंदी दरवर्षी नव्या अधिसूचनेद्वारे वाढविली जाते. तिची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन पोलिसांच्या साहाय्याने करते.

तरुणांच्या दृष्टीने आणखी दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियमाच्या कलम ६ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री करण्यास मनाई आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार बालकाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

बालविवाह, एचपीव्ही आणि लसीकरण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार परभणी जिल्ह्यात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचा विवाह वयाच्या १८ वर्षांपूर्वी झाला होता. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती. कमी वयात लैंगिक संबंधांना सुरुवात, लवकर व वारंवार बाळंतपणे हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे ज्ञात जोखीम घटक आहेत. विवाह सोळाव्या–सतराव्या वर्षी झालेल्या स्त्रीला शासकीय तपासणी तिसाव्या वर्षी मिळते. मधल्या काळात संसर्ग टिकून राहिल्यास कर्करोगपूर्व बदल होऊ शकतात. या अर्थाने बालविवाह प्रतिबंधक अधिनियम, २००६ ची अंमलबजावणी हा कर्करोगप्रतिबंधाचाही भाग ठरतो.

एचपीव्ही लस संसर्गापूर्वी, म्हणजे किशोरवयात दिल्यास सर्वाधिक परिणामकारक ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने विकसित केलेल्या ‘सर्वाव्हॅक’ या पहिल्या भारतीय एचपीव्ही लशीस जुलै २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. त्याच वर्षी लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींसाठी या लशीची शिफारस केली. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात या वयोगटातील लसीकरणास प्रोत्साहन देण्याचे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या धोरणानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींचे १५ व्या वर्षापर्यंत लसीकरण, ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या व पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी आणि आजार आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार, ही उद्दिष्टे ठरविण्यात आली आहेत. लस घेतलेल्या स्त्रीलाही पुढे तपासणीची आवश्यकता असते.

उपचार सुविधा

परभणी येथे २०२३ मध्ये १०० विद्यार्थी प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विभागातील प्रमुख शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले हे रुग्णालय २०१२ मध्ये कार्यान्वित झाले आणि त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा देण्यात आला. परभणीपासून ते रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर अंतरावर आहे.

अधिक गुंतागुंतीच्या उपचारांसाठी अनेक रुग्ण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाने स्थापन केलेले हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. या केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडचा उद्देश देशातील रुग्णालयांत उपचारांची समान मानके रूढ करणे हा आहे.

केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी इतका प्रवास करावा लागणे, हे उपचार अर्धवट सुटण्याचे एक कारण ठरते. यावर उपाय म्हणून २०२५–२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची आणि त्यांपैकी २०० केंद्रे त्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा करण्यात आली. मोठ्या रुग्णालयात निदान व उपचारांचा आराखडा ठरल्यानंतर पुढील केमोथेरपी जिल्ह्याच्या ठिकाणी देणे, ही या केंद्रांमागील कल्पना आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये त्रिस्तरीय कर्करोग उपचार व्यवस्थेस आणि तिच्या समन्वयासाठी ‘महाकेअर’ प्रतिष्ठानाच्या स्थापनेस मान्यता दिली.

अर्थसाहाय्य

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यांत केवळ नांदेडचा समावेश होता. परभणीसह उर्वरित जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये लागू झाली. २०१७ मध्ये तिचे नामकरण ‘महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना’ असे झाले. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांनाही तिचा लाभ देण्यात आला. या जिल्ह्यांत परभणीचा समावेश आहे. एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी एकत्रितपणे राबविली जाऊ लागली. जुलै २०२४ पासून उत्पन्नाची अट काढून राज्यातील सर्व कुटुंबांना तिचा लाभ देण्यात आला आणि प्रतिकुटुंब वार्षिक संरक्षण दीड लाखांवरून पाच लाख रुपये करण्यात आले. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार योजनेत समाविष्ट असून लाभासाठी वयाची अट नाही. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रे व पूर्वमंजुरीच्या कामी मदत करतात.

योजना कुटुंबावर आधारित असल्याने शिधापत्रिकेवरील नोंद महत्त्वाची ठरते. नवविवाहितेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झालेले असून सासरच्या पत्रिकेत चढलेले नसल्यास अडचण येऊ शकते.

उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास भारतीय रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्यात १०० टक्के आणि सोबतच्या एका व्यक्तीस ७५ टक्के सवलत मिळते. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांतही कर्करुग्णांना प्रवासभाड्यात सवलत आहे. मात्र मोठ्या शहरातील निवास, भोजन आणि बुडालेली मजुरी हा खर्च कुटुंबावरच पडतो.

मर्यादा

तरुण रुग्णांच्या काही गरजा सर्वसाधारण कर्करोग कार्यक्रमांत ठळकपणे येत नाहीत. केमोथेरपी व किरणोपचारांचा प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे उपचार सुरू होण्यापूर्वी वीर्य किंवा बीजांड जतन करण्याविषयी समुपदेशन आवश्यक असते. उपचारांनंतर शिक्षण व रोजगारात परतणे, अविवाहित रुग्णांच्या विवाहाविषयीची सामाजिक भीती आणि आजार लपविण्याची प्रवृत्ती हे प्रश्नही या वयात तीव्र असतात. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांपर्यंत गावपातळीवरील तपासणी व पाठपुरावा पोहोचणे कठीण जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ नुसार, देशात ३० ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची, तर ०.९ टक्के स्त्रियांची स्तनाची तपासणी कधीतरी झाली होती. म्हणजे जे वय तपासणीच्या कक्षेत आहे, त्यातही व्याप्ती अत्यल्प आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात तरुण रुग्णाचे निदान त्यामुळे बहुतांशी तपासणी मोहिमेवर नव्हे, तर तो किंवा ती पहिल्यांदा ज्या आरोग्य केंद्राची पायरी चढते, तेथे लक्षणाची दखल घेतली जाते की नाही, यावर अवलंबून राहते.